न वाजणारा डबा

गेल्या आठवड्यात अकोल्याहून अनसूबाईने एक पितळी डबा पाठवला. अनसूबाई माझी थोरली बहीण, तिकडे कापसाच्या घरात दिलेली. डबा घेऊन आलेल्या माणसाजवळ चिठ्ठी नव्हती, फक्त निरोप होता: “बाई म्हणे, तुमचा कागद वाचला.” कागद म्हणजे माझे पत्रक. घरखर्च कसा आवरावा याविषयी मी चार पाने छापून अमरावतीत आणि अकोल्यात वाटली, आणि लिहायचे ते कडकच लिहिले. सणाचे गोड बंद करा. पानसुपारी बंद करा. भुलाबाईच्या महिनाभर पोरींना रोज खिरापत वाटता, ती बंद करा. मला गुळमुळीत लिहिता येत नाही. पत्रके लिहायला शिकले तेव्हा पहिला धडा हाच मिळाला, की एका ओळीत एक गोष्ट सांगावी आणि ती वाचणाऱ्याला लागावी. अनसूबाईला लागलेली दिसते. डबा समोर आहे. मी तो उघडलेला नाही, हलवूनही पाहिलेला नाही. त्याआधी लहानपणच्या त्या एका वर्षाचे लिहून काढते. पस्तिशीच्या आत बाई आठवणी लिहायला बसली म्हणून हसणाऱ्यांनी हसावे. ज्यांचे वय झाले आहे ते म्हातारे कापसाच्या तेजीच्या त्या दिवसांविषयी एकच गोष्ट सांगतात, की लोकांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या. मी तशी गाडी पाहिली नाही. मी जे पाहिले ते सांगते.

आमचे घर अमरावतीला, कापसाच्या बाजाराला लागून असलेल्या गल्लीत. बाबा बाजारात कापूस तोलत. काट्याला हात लावण्याआधी बोजा नुसता उचलून ते वजन सांगत, आणि काटा मागून त्यांचेच बोलणे खरे करी. हंगामात पहाटेपासून गाड्या येत. बैलांच्या घुंगरमाळा, गाडीवानांच्या शिव्या, आणि भिंतीपलीकडे हुसेनचाचा पिंजाऱ्याच्या धुनकीचा तांय तांय आवाज, यांतच आम्ही बहिणी बोलायला शिकलो, म्हणून दोघींचाही आवाज अजून मोठा आहे. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालली होती, त्यामुळे कापसाचा भाव आभाळाला भिडला आणि आमच्या गल्लीत गुळाची साखर झाली. ज्वारी हे गड्यांचे खाणे ठरले, घरात दोन्ही वेळा भात शिजू लागला. ओसरीवर दिव्यांच्या काचेच्या तीन हंड्या लागल्या. येणाऱ्याला अंजनगावच्या पानांचा विडा आणि जाणाऱ्याला अत्तराचा फाया. आणि या सगळ्या वैभवात एक गोष्ट अशी, की कापसाच्या त्या गावात कोणाच्याही गादीत नीट कापूस नव्हता. मूठभर रुईसुद्धा विकली जाई, मग ती अंगाखाली कोण घालणार? आम्ही रेशमी खोळीच्या पातळ गाद्यांवर झोपत होतो आणि पाठीला जमीन लागत होती. याचा त्या वेळी कोणालाही राग आला नाही. मला आज येतो.

मग लढाई मिटली. लढाई मिटली म्हणून सुतकात बसलेले गाव मी पाहिले आहे. भाव पडला. बाबांनी तोलणे सोडून नुकतीच स्वतः खरेदी सुरू केली होती. जवळ होते नव्हते ते घालून घेतलेल्या रुईचे बोजे मागच्या खोलीत रचलेले होते, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत. ते विकायला बाबा तयार नव्हते. “भाव चढन,” एवढेच म्हणत. जेवताना म्हणत, अंगावर पाणी घेताना म्हणत, कोणी विचारले नाही तरी म्हणत. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, आणि भाव काही चढला नाही. मायने मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि आम्हा दोघींना समोर उभे करून सांगितले, “इथं काय आहे हे कोणाले सांगायचं नाई. रसूलबीलेही नाई.” रसूलबी म्हणजे हुसेनचाचांची बायको, मायची जिवाची मैत्रीण. तिलाही सांगायचे नाही म्हटल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली.

भीतीचे कारण अनसू होती. तिची सुपारी आदल्या हंगामात, भाव टिपेला असताना, अकोल्याला फुटली होती. लग्न तुळशीच्या लग्नानंतर व्हायचे होते. ज्या घराशी सोयरीक झाली ते साखरेच्या, भाताच्या आणि हंड्यांच्या घराशी झाली होती. ते घर आता तसे राहिले नाही असे अकोल्याला कळले तर सुपारी परत यायला किती वेळ? गल्लीतच एक परत आली होती. ती मुलगी दारात दिसेनाशी झाली. अनसू त्या दारावरून जाताना पदर ओढून घेई आणि घरी येऊन मला विनाकारण रागवे.

तेव्हा मायला खर्च तर कमी करायचा होता, आणि तो कमी झाल्याचे दिसू द्यायचे नव्हते. आमच्यात पुरुषाने पैसा उडवला तर ती दिलदारी, आणि बाईने वाचवला तर तो तिने चोरून वाचवायचा. मी सगळ्या चोऱ्या पाहिल्या. विड्याचे पान मधून अर्धे करून माय अशी घडी घाली, की विडा पहिल्याएवढाच दिसे. हंड्या तिने शुद्ध पक्षात लावणे सोडले. “चांदण्यात गोष्टी चांगल्या वाटतात,” म्हणाली, आणि अंगणात सतरंजी टाकून स्वतः अशा काही गोष्टी सांगू लागली, की शेजारच्या बाया आपापले दिवे विझवून आमच्याकडे येऊन बसत. भात तर तिने बंद केलाच नाही. ती फक्त भाकरी अंगणातल्या चुलीवर, सगळे जेवायला बसल्यावर टाकू लागली.

“आज भात नाई का?” बाबांनी पहिल्या दिवशी विचारले.

“आहे ना. पण भाकर गरम आहे.”

तव्यावरून उतरलेली पापुद्र्याची भाकरी, तीत लोण्याचा गोळा, बाजूला जवसाची चटणी. बाबांनी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशीही खाल्ली. चौथ्या दिवशी भाताचे पातेले चुलीवर चढलेच नाही आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही. हलवायाचे पुडे थांबले, पण महिन्यातून एकदा माय सगळ्यांना गावाबाहेरच्या विहिरीवर नेई, गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजी, वांग्याची भाजी करी, आणि ते जेवण मला अजून स्वप्नात दिसते. तिचा नियम एकच होता: जे जिभेला कळते त्याला हात लावायचा नाही. माय स्वतः उपाशी राहिली नाही, हे मुद्दाम लिहिते. आमच्या लोकांना उपाशी राहिलेल्या आईच्या गोष्टी फार आवडतात. माझी आई पहिला रोडगा स्वतः खाऊन पाही.

पण तिला एक भय होते ते वासाचे. चुलीवर तूप चढणे थांबले की गल्लीला नाकाने कळते. म्हणून रोज दिवेलागणीला ती चमचाभर तूप घेऊन निखाऱ्यावर सोडी. चर्र होई, वास दारापर्यंत जाई, आणि माय हातातली बांगडी मनगटाभोवती फिरवत दाराकडे पाहत उभी राही. रसूलबीला हे न सांगताच कळले. एके दिवशी भिंतीवरून डोके काढून म्हणाली, “काहून व बहीण, आज तूप माणसांनी खाल्लं का चुलीनं?”

“चुलीले नजर लागली होती,” माय म्हणाली. दोघी हसल्या. पण बांगडी फिरायची थांबली नाही.

अशात भुलाबाई बसल्या. ज्यांच्या मुलुखात हा खेळ नाही त्यांच्यासाठी सांगते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी मातीच्या भुलाबाईसमोर गाणी म्हणत घरोघरी जातात, आणि गाणी संपली की ज्या घरी गेल्या तिथली खिरापत खातात. पण ती सहज मिळत नाही. ती डब्यात झाकलेली असते. घरची पोर डबा हलवते आणि आलेल्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखायचे, आत काय आहे. खळखळ वाजले तर फुटाणे, सळसळले तर मुरमुरे, ठक ठक म्हणजे वडी. जिच्या घरची खिरापत ओळखू येत नाही ती त्या दिवसापुरती राणी. आणि बाजार तेजीत असताना या खेळाचीही दुर्दशा झाली होती. सगळ्यांकडे हलवायाचे तेच ते पेढे. पोरी डबा हलवायच्या आधीच ओरडत. आमच्याकडे मात्र माय रोज नवे काही करी, ज्वारीचे, तिळाचे, काडीवर गुंडाळून वाळवलेल्या कणकेच्या सरगुंड्यांचे तुकडे तळून, आणि बऱ्याच वेळा मीच राणी होई. एवढ्या काळजीच्या महिन्यात माझी तेवढी एक गोष्ट सुखाची होती.

कोजागिरीला चार दिवस असताना निरोप न देता अकोल्याच्या विहीणबाई दारात उतरल्या. सूनबाईचे घर पाहायला, भुलाबाईची गाणी ऐकायला, असे म्हणाल्या. उंच, रुंद, मिसरी लावून काळे केलेले दात, आणि प्रत्येक वस्तूला हात लावून पाहायची खोड. त्यांनी मायच्या लुगड्याचा पदर चिमटीत धरून पाहिला, विडा खाण्याआधी उलगडू लागल्या तेव्हा अनसूने पटकन पाणी पुढे केले. गादीवर बसल्या आणि तळहाताने ती दाबून पाहिली. संध्याकाळी निखाऱ्यावर तूप पडले तेव्हा त्यांनी लांब श्वास घेतला आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे मायला टोचत राहिले. मला आत नेऊन विचारी, “काही विचारलं का तुले? मागच्या अंगाले गेल्या होत्या का?”

तिसऱ्या संध्याकाळी आमच्या अंगणात खेळ होता. गल्लीतल्या अडत्याची चंपा आली होती. तिच्या बापाने भाव पडण्याआधी माल काढून टाकला होता, त्यामुळे तिचे नाक वर होते. मी डबा एकदाच हलवला तशी ती म्हणाली, “लाह्यांचे लाडू. यांच्या घरी आता ज्वारीच्या लाह्याच असतात बाप्पा.” पोरी हसल्या. विहीणबाई ओसरीवर बसल्या होत्या. मी मायकडे पाहिले. बांगडी फिरत होती.

त्या ‘आता’ शब्दाने माझे डोके फिरवले. मी नऊ-दहा वर्षांची होते. मला खोली, भाव, सुपारी, सगळे ठाऊक होते आणि त्यातले काहीही माझ्या हातात नव्हते. हातात होता फक्त डबा. उद्या तो वाजला नाही पाहिजे, एवढे मी ठरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी मायने पुन्हा तेच लाडू केले, कारण ज्वारी आणि गूळ घरात होता आणि लाह्या फुटताना विहीणबाई कौतुकाने पाहत बसल्या होत्या. माय आंघोळीला गेली तशी मी मागच्या खोलीची कडी काढली. आत अंधार होता, उबट वास होता. एका बोज्यात हात घालून मी मूठभर रुई ओढली आणि एकेक लाडू तीत गुंडाळून डब्यात ठेवला. हलवून पाहिला. काही नाही. मला वाटले, माझ्याएवढे हुशार अमरावतीत कोणी नसेल.

कापसाच्या गावची पोर होते आणि एवढे कळले नाही. भुलाबाईच्या महिन्यात नवा कापूस अजून झाडावर बोंडात असतो. त्या दिवसांत ज्याच्या घरी रुई निघते, त्याची ती गेल्या साली न विकलेली असते. हे गल्लीतल्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही.

संध्याकाळी डबा हलवला. कोणाला ओळखू येईना. पुन्हा हलवला. चंपाने कान लावला, तोंड वाकडे केले, तीन नावे घेतली, तिन्ही चुकली. मी नुसती फुलून गेले. विहीणबाईंनी हात पुढे केला, “दे व इकडे.” त्यांनी डबा कानाशी नेला, उलटा केला, ठोकला. “रिकामा तर नाई ना? पोरीनं खाऊन घेतली असन सारी.” सगळ्या हसल्या. “हारली बाप्पा मी,” त्या म्हणाल्या, आणि मी राणीच्या ऐटीत झाकण काढले.

आत पांढरे दिसले. विहीणबाईंनी एक लाडू उचलला, त्याची रुई सोडवली. लाडू मांडीवर ठेवला. रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, धागा काढला, उजेडाकडे धरला. त्या कापसाच्या घरातल्या होत्या. चंपाने सुद्धा तोंड उघडले नाही, आणि त्यावरून मला कळले की आपण काय केले. माय चुलीजवळ उभी होती. बांगडी थांबली होती. दारात बाबा येऊन उभे राहिले होते, आणि विहीणबाई त्यांच्याकडे न पाहता तो लाडू चावून चावून खात होत्या. “गूळ चांगला आहे,” एवढेच म्हणाल्या.

त्या रात्रीचे काही लिहीत नाही. मायने मला मारले नाही. मारले असते तर बरे झाले असते. अनसू भिंतीकडे तोंड करून पडली होती.

सकाळी विहीणबाईंनी आपले गाठोडे बांधले. मायचा चेहरा पाहवत नव्हता. गाठोडे बांधून झाल्यावर त्यांनी बाबांना ओसरीवर बोलावले. “ते मागची खोली उघडा,” म्हणाल्या.

“भाव चढन,” बाबा म्हणाले. जागचे हलले नाहीत.

“माह्या घरचेही हेच म्हणून राहिले. आमच्या अशा दोन खोल्या भरल्या आहेत.” त्या मायकडे वळल्या. “इहीनबाई, चार दिवस झाले, मले घास गेला नाई. आली तव्हा वाटलं, पाहावं, यांचंही आमच्यासारखं झालं का. तं रोज संध्याकाळी तुपाचा वास. मी म्हटलं, मेलो आपण. इथं तूप वाहून राहिलं, आता लग्नात यांच्या तोलाचं आपण कुठून करायचं? सुपारी वापस करायले सांगावं कसं, हाच विचार करत होती मी.”

भिंतीपलीकडून रसूलबीचा आवाज आला, “ते तूप तं चूल खात होती, बाई.”

माय हसली. हसता हसता खाली बसली आणि रडली. बाबा मात्र तसेच उभे होते. विहीणबाईंनी कमरेला खोचलेला तो कालचा पुंजका काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. “लोक म्हणतात, तुमच्या हाताले वजन कळते. सांगा, किती आहे?”

बाबांनी हात वर-खाली केला. ही सवय होती त्यांची. गल्लीत कोणीही काहीही हातात दिले तर ते तसे करत आणि आकडा सांगत. त्या दिवशी हात दोनदा वर गेला, दोनदा खाली आला. “काही नाई,” ते म्हणाले. मग चपला न घालताच हुसेनचाचांना हाक मारायला गेले.

खोलीतले बरेचसे बोजे मिळेल त्या भावाने गेले. त्याची गोष्ट सांगण्यासारखी नाही. चार बोजे बाबांनी ठेवून घेतले. तीन दिवस आमच्या अंगणात धुनकी चालली. रुई हवेत उडत होती, रसूलबीच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि गाद्या भरल्या जात होत्या: अनसूसाठी, अकोल्यासाठी, आणि इतक्या वर्षांनी आमच्यासाठीही. खोळी त्याच जुन्या रेशमी. लग्नाला पंगतीत वांग्याची भाजी, रोडगे आणि ज्वारीच्या लाह्यांचे लाडू होते. चंपाच्या आईने चौथा लाडू मागून घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. काळजी त्यानंतर संपली असे नाही. बाबा पुन्हा दुसऱ्यांचा कापूस तोलू लागले, आणि हंगामाच्या सुरुवातीला दर वर्षी मायची बांगडी फिरे. आजही कोणाच्या घरी तुपाचा वास आला की मी आधी चुलीकडे पाहते.

माझ्या पत्रकाची दुसरी छपाई व्हायची आहे. त्यात निखाऱ्यावरचे तूप बंद करा असे लिहिणार आहे, आणि ते पहिल्यापेक्षा कडक लिहिणार आहे. खिरापतीची ओळ मात्र काढावी लागेल असे दिसते. नक्की सांगत नाही. आधी डबा हलवून पाहते.

पाहिला. वाजत नाही.